पाटीवर नाव कोणाचे, हिशेब कोणाचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेसाठी निधी जमवायचे आपल्या ग्रुपवर ठरले आणि लगेच चर्चा सुरू झाली पाटीची. कमानीवर कोणाची नावे, कोणत्या क्रमाने! हौस असते, असू द्या. पण देणगीचा लोकशाहीशीही संबंध असतो. आज त्यावर थोडे बोलते.

आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून होते. 1918 मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. सभा घ्यायची तर ‘गश्ती 53’ या फर्मानामुळे आधी परवानगी काढावी लागे. अशा काळात औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय लोकांच्या आधारावर उभे राहिले. कोणी पैसे दिले, कोणी आयुष्य दिले. हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. 1937 मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते आजच्या आपल्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला. जिथे चार माणसांना जमायची चोरी होती, तिथे लोकांच्या दानातून एकत्र बसायची, वाचायची, प्रश्न विचारायची जागा मिळाली.

दानाची दुसरी बाजूही आहे. देणाऱ्याचे नाव झाकले की लोकांना प्रश्न विचारता येत नाही. राजकीय पक्षांना निनावी देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठीच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. नवी सिस्टिम आली की आमचा पहिला प्रश्न असतो, अ‍ॅडमिन कोण? मशीन दिले आणि पासवर्ड स्वतःच्या खिशात ठेवला, तर दिले काय? देणगीचेही तसेच आहे. पैसे आपण द्यायचे आणि ठरवायचेही आपणच, तेही पुण्या-मुंबईत बसून, म्हणजे गावाने फक्त टाळ्या वाजवायच्या!

खरे तर ठरवायची जागा कायद्याने आधीच दिलेली आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा असतो.

कोणी म्हणेल, “ताई, समिती कागदावर असते, सह्यांपुरती.” बऱ्याच गावांत तसे होते, हे मलाही माहीत आहे. पण जिच्यासमोर ठरवण्यासारखे काही येतच नाही, ती जागी तरी कशी होणार? आपला निधी तिच्यासमोर ठेवू या.

माझ्या तीन सूचना आहेत. निधी कशावर खर्च करायचा ते समितीच्या बैठकीत ठरावे. बैठक संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी बोलावले तर आया येणार कशा? आणि जमा-खर्च शाळेच्या फलकावर लागावा, आपल्या देणग्यांच्या रकमांसकट.

मी संगणकवाली, मला संगणक कक्ष हवा आहे. पण त्या बैठकीत एखादी आई म्हणाली, “आधी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणा,” आणि समितीला ते पटले, तर माझे पैसे तिकडे जावेत. मी माझे म्हणणे तिथे जरूर मांडीन, पण इतरांसारखेच, एका माणसाचे एक मत म्हणून.

त्या आईला एकदा कळले की आपल्या बोलण्याने निर्णय बदलतो, की ती उद्या ग्रामसभेतही उभी राहील. रस्त्याचे काय झाले, नळाचे काय झाले, विचारील. आपल्या देणगीतून एवढे झाले तरी खूप झाले.

पाटी लावायचीच असेल तर त्या फलकाशेजारी लावू. नाव वाचणाऱ्याला हिशेबही वाचता येईल.