मैंदर्गीचा काळा दगड, नान्नजचा माळ



अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीच्या शिवारात नवी विहीर खणली जात असेल, तर काठावर उभे राहून जरा आत पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. महाबळेश्वराकडे हे थर मिळून किलोमीटरहूनही जाड आहेत. आपल्याकडे येता येता ते पातळ होतात आणि कलबुर्गीच्या बाजूला, शहाबादेजवळ, खालचा चुनखडक उघडा पडतो. घरातली शहाबादी फरशी त्याचीच. म्हणजे पायाखालची फरशी भिंतीतल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुनी!

हीच लाव्ह्याची भूमी राखलेली पाहायची, तर नान्नजला जा. अक्कलकोटवरून सोलापूर, पुढे बार्शी रस्ता. 1979 साली इथे माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. ज्वालामुखीचे तोंड मात्र तिथे शोधू नका. भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याने डोंगर नव्हे, पठार घडवले. माळाच्या माथ्यावर माती जेमतेम, पाऊस तुटपुंजा. मोठ्या झाडाच्या मुळांना तिथे थारा नाही, गवताला आहे. पवन्या, मारवेल, कुसळी. माती वाहत जाऊन सखल भागात साचते, तिथे आपली ज्वारी पिकते.

गवतावर काळवीट जगते, काळविटामागे लांडगा येतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवरच अंडे घालते, बहुधा एकच. चहूकडे दूरवर दिसणे, हाच तिचा आडोसा. हा पक्षी आता इथे क्वचितच दिसतो.

अशा माळाला आपण पडीक समजतो, याचे मला फार वाईट वाटते. हिरवाईच्या हौसेने नान्नजच्या माळावरही ग्लिरिसिडिया लावला गेला. झाडे लावणे पुण्याचे खरे, पण गावात, बांधावर, ओढ्याकाठी. गवताळ माळावर खड्डे घेतले की मोकळ्यावर जगणाऱ्यांची जागाच जाते. मैंदर्गीभोवतीच्या माळांनाही हे लागू आहे.

नान्नजला पाऊस सरल्यावर जा, सकाळी लवकर, वनखात्याच्या परवानगीने. गडद मातकट कपडे घाला, दुर्बीण असेल तर घ्या आणि ठरलेली वाट सोडू नका. टिटवी, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत.