बोल कुणाला लावावा?



वर्गातील सर्वांत बुटके, लवकर दमणारे मूल पुष्कळदा केवळ ‘अशक्त’ ठरते. अमेरिकेतील बालहृदयरोगतज्ज्ञ जॅकलिन नूनन यांनी १९६०च्या दशकात अशा काही मुलांत ठेंगणेपणा, विशिष्ट चेहरेपट्टी आणि हृदयातून फुप्फुसाकडे रक्त सोडणारी अरुंद झडप एकत्र आढळल्याचे नोंदविले. तोच नूनन सिंड्रोम.

२००१ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरील पीटीपीएन-११ हे जनुक त्याचे एक कारण ठरले. सुमारे निम्म्या रुग्णांत दोष तेथेच असतो. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतील बदल पुरेसा असल्याने बाधित माता किंवा पित्याच्या प्रत्येक अपत्याला धोका निम्मा. अनेकदा मात्र हा बदल घराण्यात प्रथमच उद्भवतो. ग्रहण पाळले न पाळले, याचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून सुनेला बोल लावू नये. मुलाचे हृदय वेळीच तपासून घ्यावे.