कामगारांनी शिकवलेले व्याकरण



आमचे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा व्याकरणावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे आपण विचाराल. तो जिनिंगमधल्या कामगारांनी दिला.

तीस वर्षांपूर्वी आम्ही सातारा जिल्ह्यातून युनियनच्या कामासाठी धुळ्यास आलो. पहिल्या सभेत तासभर बोललो. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, बाया गप्प. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तू काय सांगस, माले समजनं नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घातली. 'आहे' म्हणजे 'शे', 'मला' म्हणजे 'माले', 'घरात' म्हणजे 'घरमा', मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर'. शब्द पाठ झाले, पण बोलणे जमेना. मराठीच्या साच्यात आम्ही अहिराणी शब्द ओतत होतो आणि बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्या हसण्यातूनच नियम सापडला. मराठीत पुरुष 'करतो' म्हणतो, बाई 'करते'. अहिराणीत दोघेही म्हणतात, 'मी करस'.

अमेरिकेतील लाकोटा भाषेत याच्या उलट प्रकार आहे. तेथे आज्ञा करताना पुरुष क्रियापदाला 'यो' जोडतो, स्त्री 'ये' जोडते. म्हणजे नियम निरनिराळे असतील, पण नियमावाचून भाषा नाही. मग अहिराणीला अशुद्ध मराठी कोणत्या न्यायाने म्हणावे? ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ सालीच खानदेशीच्या व्याकरणाची स्वतंत्र नोंद घेतली होती.

आमच्या वहीतला तो नियम आम्हांला मात्र बोचू लागला. 'मी करस' यात बाई-पुरुष भेद नव्हता, पगारपत्रकात होता. समान वेतनाचा कायदा तर १९७६ सालीच झालेला. पुढच्या सभेत आम्ही भाषण केलेच नाही. एवढेच विचारले, "काम सारखं, मंग बायास्ले मजुरी कमी काब्र?" क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हातारी उठली आणि तिच्यामागून एकेक बाई बोलू लागली. मागणीपत्रावर पहिला अंगठा तिचाच उठला.

लाकोटा ज्या डकोटा कुळातली, त्याच समाजाच्या एला डेलोरिया यांनी फ्रान्झ बोआस यांच्यासह १९४१ साली आपल्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. जळगाव-धुळ्याच्या शाळेत पोर 'शे' म्हणाले, तर त्याला दटावू नका. उद्या आपल्या आजीचे व्याकरण लिहिणारे तेच असेल. आमचे अजूनही चुकते, आणि बाया अजूनही हसतात. शिकवणी चालू आहे.