परवान्याची शिकार



जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरी एका गेंड्याच्या मरणाचा लिलाव झाला. गेंडा नामिबियातला, नामशेष होऊ घातलेल्या काळ्या जातीचा; बोली गेली साडेतीन लाख डॉलरांवर. 2015 मध्ये ती शिकार झालीही. पैसा गेंड्यांच्याच रक्षणासाठी, आणि नर म्हातारा, तरण्या गेंड्यांच्या जिवावर उठणारा, असा खुलासा होता.

हिशेब चोख आहे. तरी तो ऐकताना माझा घास अडकतो. पैसे मोजणाऱ्याला जीव घेण्याची हौस होती. तिला मी पुण्य म्हणणार नाही.

पण दुसरी बाजू ऐका. 1996 मध्ये नामिबियाने कायदा बदलून वन्य प्राण्यांच्या उपभोगाचे हक्क गावसंघांना दिले. ज्याच्या शेतात हत्ती शिरतो, त्याच्या गावाला शिकारीच्या शुल्काचा वाटा मिळू लागला. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. जनावरे तरीही घटतच गेली. (त्याला कारणे पुष्कळ, पण बंदी पुरली नाही हे खरे.) आपल्याकडेही 1970 पर्यंत वाघ परवान्यावर मारला जाई. शुल्क सरकारला, कातडे साहेबाच्या भिंतीला, आणि हाका घालणाऱ्याच्या पदरी दिवसाची मजुरी!

म्हणून लिलाव करणाऱ्यांना मी विचारीन, त्या साडेतीन लाखांतले गावात किती पोचले? आणि शिकार बंद करा म्हणणारे आपण. हत्तीने तुडवलेल्या त्यांच्या बाजरीची भरपाई आपल्यापैकी कोण देणार?