मालीचा गवई सालीफ केइता

संगमनेरच्या अनंत फंदीचें नांव नगर जिल्ह्यांत तरी कोणास नव्यानें सांगावयास नको. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. कुळ ब्राह्मणाचें, आणि हातांत मात्र तमाशाचा डफ! आख्यायिका अशी कीं, चौंडीची कन्या अहिल्याबाई होळकर यांनीं त्याची याबद्दल कानउघाडणी केली, तेव्हां त्यानें डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. आख्यायिकेंत खरें किती हा प्रश्न बाजूस ठेवूं. परंतु कुळाची प्रतिष्ठा आणि गळ्यांतील सूर यांचें भांडण आपल्याकडे जुनें आहे, एवढें तीवरून दिसतें. हेंच भांडण पश्चिम आफ्रिकेंतील एका मुलाच्या वाट्यास आलें. त्यास तर कुळाबरोबर स्वतःच्या कातडीशींहि झगडावें लागलें.

हा मुलगा म्हणजे सालीफ केइता. त्याचा जन्म १९४९ सालीं नायजर नदीच्या कांठच्या जोलिबा गांवीं झाला. हा मुलूख तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होता. १९६० सालीं स्वतंत्र झाल्यावर त्यास माली हें नांव मिळालें. केइता घराणें साधेंसुधें नव्हे. तेराव्या शतकांत मालीचें साम्राज्य स्थापन करणाऱ्या सुंदियाता केइता याचा वंश तो. अशा घरांत काळ्या आईबापांच्या पोटीं पांढऱ्या कातडीचें व पिवळसर केसांचें मूल आलें. तिकडे असें मूल अशुभ मानतात. बापानें आरंभीं मायलेकरांस घराबाहेर काढलें होतें, असें सांगतात.

आपल्याकडे असें मूल दिसलें कीं 'कोड आहे' म्हणून लोक मोकळे होतात. तें चूक आहे. कोड मागाहून उठतें व डागांनीं पसरतें. ही वर्णहीनता, जिला डॉक्टर आल्बिनिझम म्हणतात, ती जन्मतःच असते. कातडी, केस व डोळे यांस रंग देणारें मेलॅनिन नांवाचें द्रव्य शरीरांत तयार होत नाहीं, अथवा फारच थोडें होतें. बहुतेक प्रकारांत हा दोष आई व बाप या दोघांच्याहि बीजांत लपलेला असावा लागतो. तसा तो असल्यास प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक इतका संभव राहतो. नात्यांतल्या नात्यांत लग्नें होतात तेथें हा योग अधिक येतो. मामाची मुलगी करण्याची आपली चाल येथें आठवावी. ग्रहणाचा किंवा पूर्वजन्मींच्या पापाचा यांत कांहींएक संबंध नाहीं, आणि हा विकार शिवल्यानें लागत नाहीं.

खरी अडचण ऊन आणि डोळे यांची. ऊन अशा कातडीस भाजून काढतें, व पुढें त्यांतून कर्करोगहि उद्भवतो. डोळ्यांस उजेड सोसत नाहीं, बुबुळें आपोआप हलत राहतात, दूरचें अंधुक दिसतें. आणि डोळ्याच्या पडद्याचीच वाढ अपुरी असल्यामुळें चष्म्यानें हा दोष पुरता जात नाहीं. मागच्या बांकावर बसविलेला असा मुलगा फळ्यावरचें वाचूं शकत नाहीं आणि फुकट मठ्ठ ठरतो. त्यास पहिल्या बांकावर सांवलींत बसविणें, मोठ्या अक्षराचें पुस्तक देणें, बाहेर जातांना रुंद कांठाची टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावयास लावणें, याला खर्च असा कितीसा येतो? आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत अधू दृष्टीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तपासणींत दृष्टि ठराविक मर्यादेपेक्षां कमी ठरल्यास त्याचा आधार अशा मुलांसहि मिळतो.

सालीफला शाळामास्तर व्हावयाचें होतें. दृष्टि अधू म्हणून तें दार बंद झालें. राहिला गळा. शेतांत पाखरें व माकडें हाकलतांना ओरडून ओरडून तो तयार झाला, अशी हकीगत आहे. आपल्याकडे ज्वारी निसवली म्हणजे माळ्यावर गोफण घेऊन आरोळ्या ठोकणारीं पोरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ही शाळा कसली तें कळेल. मात्र त्या पोरांस ऊन सोसतें, सालीफला तें सोसत नव्हतें. परंतु गाण्याचें दारहि उघडें नव्हतें. त्या समाजांत गाणें हा जेली नांवाच्या पिढीजात भाटांचा धंदा. भाटानें गावें आणि राजकुळानें बिदागी द्यावी, अशी रीत. राजकुळांतला मुलगाच बिदागीसाठीं उभा राहिला म्हणजे घराण्याची अब्रू गेली!

१९६७ सालीं तो राजधानी बामाको येथें आला व बाजारांत आणि उपाहारगृहांत गाऊं लागला. तेथील स्टेशनच्या हॉटेलांत रेल बँड नांवाचें सरकारी आश्रयाचें वाद्यवृंद होतें. त्यांत त्यास जागा मिळाली. क्यूबाच्या नाचाच्या चाली आणि मांदे लोकांचें जुनें गाणें यांची सांगड तेथें घातली जाई. १९७३ सालीं तें सोडून तो आंबासादर या दुसऱ्या वृंदांत गेला, व त्या दशकाच्या अखेरीस हा वृंद आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरीं गेला. 'मांजू' हें गीत याच काळांतलें. तें गिनीचे अध्यक्ष सेकू तूरे यांच्या स्तुतीचें आहे. तूरे यांच्या राज्यांत विरोधकांचे काय हाल झाले हें ठाऊक असलेल्यास ती स्तुति खटकेल. पण गंमत अशी कीं, भाटाचें काम करूं नये म्हणून ज्यास बजावलें, त्याचें नांव झालें तें भाटाच्याच थाटाच्या गीतानें.

१९८४ सालीं केइता पॅरिसला गेले, आणि १९८७ च्या 'सोरो' या ध्वनिमुद्रिकेनें युरोपांत त्यांचें नांव झालें. गीतें स्वतःचीं, भाषा मुख्यतः घरची. मागील वाद्यें मात्र बरीचशीं विजेचीं. तीं वाद्यें सर्वांस रुचलीं असें नाहीं. २००२ च्या 'मोफू' मध्यें पुन्हां मायदेशींचा साज ऐकूं येतो, आणि तो त्या आवाजास अधिक शोभतो.

कातडीची गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. आफ्रिकेंतील कांहीं देशांत अशा माणसांचे अवयव जादूटोण्यास लागतात या समजुतीनें त्यांचे खून पडतात. केइता यांनीं या लोकांच्या मदतीसाठीं संस्था काढली, व २००९ सालीं 'ला दिफेरांस', म्हणजे 'भेद', या नांवाचा गीतसंग्रह याच प्रश्नास वाहिला. त्यास पुढच्या वर्षीं फ्रान्समधील 'व्हिक्टवार द ला म्यूझिक' हें पारितोषिक मिळालें. संयुक्त राष्ट्रसंघानें १३ जून हा दिवस या प्रश्नाच्या जागृतीसाठीं ठरविला, तो २०१५ पासून पाळला जातो.

तरीहि २०१८ सालीं मालींतील फाना गांवीं अशीच एक पांच वर्षांची मुलगी मारली गेली. त्याच वर्षीं केइता यांनीं त्या गांवीं जाऊन तिच्या स्मरणार्थ जलसा केला, आणि आपला नवा संग्रह प्रसिद्ध केला. ही आपली शेवटची ध्वनिमुद्रिका, असें त्यांनीं त्या वेळीं जाहीर केलें. परंतु २०२५ सालीं, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांची आणखी एक निघाली. तींत मोठा वाद्यवृंद नाहीं. मुख्यतः त्यांची गिटार आहे आणि त्यांचा आवाज आहे.