आधी धुणं, मग पॉलिश, मग वॅक्स
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या शहापूर-मुरबाडकडे उन्हाळाभर फुफाटा आणि नंतर चार महिने पाऊस. म्हणून मे महिन्यात सगळे गाडीला वॅक्स लावायला धावतात. पण धुळीवरच वॅक्स घासलं, तर ओरखडेच पडणार.

गाडी सावलीत, थंड असताना टपापासून खाली शाम्पूने धुवा. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली, तर शाम्पूचं पाणी मारून क्ले बार हलक्या हाताने फिरवा. पॉलिश गरज असेल तिथेच. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. दर पॉलिशला तो झिजतो, पुन्हा येत नाही. वॅक्स सगळ्यात शेवटी.

आणि पाइप नको. दोन बादल्या पुरेत: एक शाम्पूची, एक कापड विसळायची. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, भातसाही आपल्याच तालुक्यात. तरी उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. चकाकती गाडी त्या हंड्यांच्या रांगेवरून नेताना आपली मान खाली जायला नको, एवढंच सांगणं.