सुटलेल्या नोकऱ्यांचा हिशेब

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी यशस्वी बांधवांचे सत्कार होतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने ज्याची नोकरी पाच वेळा गेली अशा मनुष्यास बोलावयास उभे केले आहे. मी प्रथम नकारच दिला होता. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच चार-पाच घरांतील तरुण मला एकांतात गाठून, आवाज खाली करून, एकच गोष्ट विचारून गेले. तेव्हा ती चारचौघांत बोललेली बरी असे वाटले.

माझा हिशेब असा. पदविका घेऊन १९९९ साली मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. आठ वर्षांनी कारखानाच परराज्यात गेला. पुढची नोकरी चौदा महिन्यांची. २००९ च्या मंदीत ती संपली. त्यानंतर अकरा महिन्यांचे कंत्राट. मग २०१२ ते २०१६ चार वर्षे बरी गेली, तोच आमचा विभाग बंद झाला. २०१७ साली सात महिने एके ठिकाणी होतो. तेथे तीन महिने पगार मिळाला नाही म्हणून मीच राजीनामा दिला. शेवटची नोकरी २०२० च्या टाळेबंदीत गेली. सहांपैकी एक मी सोडली, पाच माझ्याकडून सुटल्या. ‘सोडली’ आणि ‘सुटली’ यांतील हा भेद मुलाखत घेणाऱ्यास अर्जाच्या कागदावर दिसत नाही, आणि खेदाने म्हणावे लागते की आपल्या नातेवाईकांनाही तो दिसत नाही. ‘याचे कोठे टिकत नाही’ हे वाक्य मी लग्नकार्यात माझ्या पाठीमागे दोनदा ऐकले आहे.

माझे आजोबा परळच्या गिरणीत बदली कामगार होते. बदली कामगारांसाठी मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून कार्डाची पद्धत सुरू झाली होती. कार्ड घेऊन रोज सकाळी दरवाजाशी उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर चालत घरी. कित्येक वर्षे त्यांनी असे काढले. पण चाळीत त्यांना कोणी अस्थिर वृत्तीचा म्हटले नाही, कारण दरवाजाशी उभे राहणारे शेकडो होते व सर्वांना कारण ठाऊक होते. वडील कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही घरी बसले. तेव्हाही दुःख होते, परंतु ते सबंध गिरणगावाचे होते. आजचा तरुण मात्र एकटाच बंद खोलीत बोलावला जातो, अर्ध्या तासात त्याच्या हाती पत्र पडते, आणि संध्याकाळी घरी काय सांगावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

मी काय सांगितले? २०१६ मध्ये काहीच सांगितले नाही. पत्नीस ठाऊक होते. आईस कळू दिले नाही. रोज आठ वाजता डबा घेऊन निघे आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात वृत्तपत्रे चाळीत बसे. (१८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने माझ्यासारखे किती जण पोसले असतील कोण जाणे.) दीड महिन्याने आई म्हणाली, “अरे, तुझ्या सदऱ्याच्या बाहीला हल्ली तेल लागत नाही.” एवढेच. पुढे तिने काही विचारले नाही, मीही लपविले नाही.

याहून मोठी चूक पुढे केली. टाळेबंदीनंतर अर्ज करताना सात महिन्यांची ती नोकरी मी गाळली आणि आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढून मधली फट झाकली. मुलाखत उत्तम झाली, नेमणुकीचे पत्र आले. मग कंपनीने भविष्यनिर्वाह निधीच्या यू.ए.एन. क्रमांकावरून सेवेचा तपशील मागविला. त्या नोंदीत प्रत्येक मालक, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख असते. पत्र मागे घेतले गेले. खरे सांगितले असते तर पगार थकल्याचे कारण कोणासही पटले असते. खोटे मात्र कोणत्याच कारणाने पटविता येईना.

त्यानंतर मी अर्ज नव्याने लिहिला. प्रत्येक नोकरीपुढे एकेका ओळीत कारण दिले: कारखाना स्थलांतरित, कंत्राटाची मुदत पूर्ण, विभाग बंद. कार्यमुक्तीची पत्रे सोबत जोडली. ज्या कारखान्यात मी केवळ चौदा महिने होतो तेथील एका सहकाऱ्यास दूरध्वनी केला; मी मोजमाप कसे करतो हे त्याने पाहिले होते. त्याच्या शब्दावर २०२१ मध्ये आजची नोकरी मिळाली. कोणी यास वशिला म्हणतील. माझ्या मते पाहिलेल्या कामाची साक्ष देणे आणि नात्याखातर शिफारस करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि आपल्या ज्ञातीत दुसरी फार होते व पहिली फार कमी.

पैशाविषयी थोडे बोलतो, कारण येथे मी नुकसान सोसले आहे. २००७ मध्ये हात आखडला म्हणून निधीबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली. पेन्शनच्या हक्कास दहा वर्षांची सेवा लागते; रक्कम काढताच माझी आठ वर्षे हिशेबातून पुसली गेली आणि पुढच्या नोकरीपासून मोजणी शून्यावरून सुरू झाली. रक्कम न काढता खाते पुढील नोकरीत वर्ग केले असते तर तुकड्यातुकड्यांची ती वर्षे आपोआप जोडली गेली असती. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपली आपण भरता येते. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारास, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे, एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. अकरा महिन्यांची कंत्राटे देणारे मालक हे वाचून काय करतील, याचा अंदाज सभागृहातील कामगार बांधवांना मी सांगावयास नको.

आता एक तक्रार, आणि ती आपल्या संस्थेविषयीच आहे. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या छापील अर्जात ‘नोकरी कायम आहे काय?’ असा रकाना आहे. पूर्वी तो उपयोगी असेल. आज ज्या मुलामुलींच्या हाती कौशल्य आहे परंतु तीन वर्षांत तीन कंपन्यांचे कागद आहेत, ती या रकान्यापाशी थांबतात. दोघांनी तर अर्जच परत नेल्याचे मला माहीत आहे. तेथे ‘कोणते काम येते’ असे विचारावे, ही विनंती मी चिटणीसांकडे लेखी दिली आहे. ती येत्या सभेत यावी.

चहापानानंतर मागील खोलीत मी बसणार आहे. ज्यांची नोकरी गेली आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे त्यांनी आपली पत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या व यू.ए.एन. क्रमांक घेऊन यावे. ज्यांच्या हाती माणसे नेमण्याचे काम आहे त्यांनीही यावे. वहीत पहिले नाव मी माझे लिहून ठेवले आहे, पाचही तारखांसह.